आठ खणांची शेड

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने केली, त्याने कोंबड्यांची शेड बांधलेली नसावी. बांधली असती तर म्हणीत तिसरे कलम नक्की आले असते. मी स्वतःही शेड बांधलेली नाही. परंतु दोन शेडचे नकाशे मात्र माझ्या हातचे आहेत. पहिलीने आमच्या ताईच्या संसाराला कसा फटका दिला आणि दुसरीने या वयात मला काय शिकवले, तेवढेच आज सांगणार आहे. चकली-अनारशांच्या ताटाशेजारी कोंबड्यांची गोष्ट काही वाचकांना रुचणार नाही. त्यांनी खुशाल पान उलटावे. ज्यांच्या घरी दर आठवड्याला अंडी येतात, त्यांनी तरी घटकाभर थांबावे.

ताई नवापूरला असते. नंदुरबार जिल्ह्याचे हे पश्चिमेचे टोक, त्यापुढे गुजरात. सुरत-भुसावळ मार्गावरचे तिथले स्टेशन आपल्याकडे फार प्रसिद्ध आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि सीमेची रेघ नेमकी या स्टेशनातून गेली. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशनमास्तरांची खोली गुजरातेत. फलाटावरचे एक बाक तर असे आहे की नवरा एका राज्यात बसतो आणि बायको दुसऱ्या. आमच्या सौभाग्यवती दर खेपेला हटकून गुजरातच्या बाजूला बसतात आणि मला म्हणतात, “अहो, जरा महाराष्ट्रातून चहा घेऊन या.” गाडीची घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होते, गाडी मात्र व्हायची तेवढी उशिराच येते.

या स्टेशनाकडे पाहिले की माझ्या मनात नेहमी एक विचार येतो. ज्या माणसाने ही इमारत आखली, त्याच्या कागदावर ती रेघ नव्हती. त्याने खांब मोजले, फलाटाची लांबी धरली, सगळे हिशेब चोख केले. आणि पुढे काय होणार हे काही त्याला दिसले नाही. माझी सबंध नोकरी आरेखकाची. छत्तीस वर्षे मी लोकांच्या इमारतींचे नकाशे काढले. त्यामुळे या अनोळखी सहकाऱ्याविषयी मला आपुलकी वाटते. कारण माझ्याही एका नकाशावर एक रेघ राहून गेली होती.

ती गोष्ट २००४ सालच्या भाऊबीजेची. आमचे भाऊजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. शेती थोडी, पगार बेताचा. त्या वर्षांत नवापुरात कोंबडीपालनाने चांगलाच जोर धरला होता. रेल्वे दाराशी, धुळे-सुरत हमरस्ता उशाशी आणि सुरतेसारखी बाजारपेठ हाकेवर. मग काय उणे? ताईने ठरवले की आपणही अंड्यांच्या कोंबड्या ठेवायच्या. ओवाळून झाल्यावर तबक बाजूला ठेवत ती म्हणाली, “साठ-सत्तर फुटांची शेड पुरे. तेवढा एक नकाशा काढून दे. हीच माझी ओवाळणी.”

आणि मी, शहरातला शहाणा भाऊ, काय म्हणालो? “ताई, बांधायचं तर एकदाच. पुन्हा पुन्हा कोण बांधत बसतं? दोनशे फूट धर. विहीर एकच, विजेचं कनेक्शन एकच, दोन टोकांच्या भिंतीही दोनच. जितकी लांब बांधशील तितका फुटामागचा खर्च कमी.”

यातले एकही वाक्य खोटे नव्हते. म्हणूनच ते घातक ठरले. ताईने माझ्यावर विश्वास ठेवला, भाऊजींनी ताईवर ठेवला आणि बँकेने भाऊजींच्या पगारावर. दोनशे फुटांची शेड उभी राहिली. तीन हजार पक्षी आले. पहिल्या वर्षी ताईच्या पत्रात आनंद मावत नव्हता.

१८ फेब्रुवारी २००६. भारतातल्या कोंबड्यांत बर्ड फ्लूचा विषाणू सापडल्याचे प्रथमच जाहीर झाले, आणि ते गाव होते नवापूर. भोपाळच्या प्रयोगशाळेतून तपासणीचा निष्कर्ष आला आणि दुसऱ्या दिवशी आपल्या गावाचे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत पाहण्याची वेळ नवापूरकरांवर आली. अंगभर पांढरे पोशाख घातलेली माणसे दारोदार हिंडली. रोग सापडलेल्या ठिकाणाभोवतीच्या काही किलोमीटरच्या वर्तुळातला प्रत्येक पक्षी मारून पुरायचा, असा त्या रोगाचा तेव्हाचा नियमच होता. शेडमधले पक्षी गेले, तशा आदिवासी पाड्यांवरच्या अंगणातल्या चार-दोन कोंबड्याही गेल्या. ताईच्या शेडमधला एकही पक्षी आजारी नव्हता. पण शेड वर्तुळात होती. भाचा तेव्हा दहा वर्षांचा होता. त्या दिवशी त्याला मागच्या खोलीत बसवून ठेवले होते. तो आवाज मात्र ऐकत होता.

माणसांच्या तपासण्या झाल्या. कोणालाही लागण झाल्याचे निघाले नाही. नीट शिजवलेले अंडे खाल्ल्याने अपाय होत नाही, हे तज्ज्ञ रोज सांगत होते. आम्ही पुण्यात ते रोज वाचत होतो आणि वाचून झाल्यावर पोहे खात होतो. ज्या शेडचा नकाशा मी अभिमानाने काढला, तिच्या मालकिणीचा सख्खा भाऊ असूनही माझ्या घरात त्यानंतर दोन महिने अंडे आले नाही. हे लिहिताना आजही मान वर होत नाही.

सरकारने भरपाई दिली. परंतु भरपाई मिळते ती मारलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची मिळत नाही, आणि रिकाम्या महिन्यांची तर नाहीच. निर्जंतुकीकरण, तपासण्या, पुन्हा तपासण्या यांत महिने गेले. पुढे ताईने धीर करून पक्षी आणले, ते फक्त पाचशे. त्याहून जास्त आणायला पैसेच नव्हते. दोनशे फुटांच्या शेडच्या एका कोपऱ्यात पाचशे कोंबड्या, आणि बँकेचा हप्ता मात्र तीन हजारांच्या शेडचा. भाऊजींच्या पगारातून तो कित्येक वर्षे कापला गेला. शेवटी पत्रे विकले, कैच्या विकल्या. उरले ते दोनशे फुटांचे कोरडे जोते. मिरच्या आणि भात वाळवायला त्याच्याएवढी प्रशस्त जागा साऱ्या आळीत नव्हती.

या सर्व काळात ताई मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

आता गेल्या वर्षीच्या भाऊबीजेकडे येतो. भाचा आता तिशीचा, शेतीची पदविका घेतलेला, अंगात धमक असलेला. जेवणे आटोपल्यावर त्याने चटईवर मोठा कागद पसरला.

“मामा, जोतं तयारच आहे. तीस फूट रुंद, दोनशे फूट लांब. वर नुसते खांब, कैच्या, पत्रे आणि जाळी. वेल्डर चौरस फुटाला तीनशे रुपये सांगतो. तुम्ही नकाशा काढून द्या.”

माझ्या घशाला कोरड पडली. तेच घर, तीच तिथी, तेच दोनशे फूट. भाऊजी सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही. ताई स्वयंपाकघरात होती, पण तिथला भांड्यांचा आवाज थांबला होता.

इथे शहरातल्या वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. कोंबड्यांची शेड रुंदीला वाढवता येत नाही. बाजू जाळीच्या असतात, वारा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघायला हवा. तीस फुटांच्या पलीकडे गेलात तर मधल्या पक्ष्यांना वारा लागत नाही आणि खालच्या भुशातली उग्र हवा तिथेच कोंडते. शेड पूर्व-पश्चिम लांब घ्यायची, म्हणजे उन्हाची तिरीप आत कमी येते. खाली दीड फुटाची भिंत, तिच्यावर जाळी, आणि पत्र्याची वळचण तीन-चार फूट बाहेर काढायची. नवापूरचा पाऊस खानदेशातल्या इतर गावांसारखा शिंतोडे उडवून परतणारा नाही. तो घाटाच्या बाजूचा, दमदार. भुसा भिजला की रोग आलाच म्हणून समजा. रुंदी अशी वाऱ्याने ठरवून दिलेली. उरते ती लांबी. म्हणून ‘शेड केवढी?’ या प्रश्नाचा अर्थ ‘खण किती?’ एवढाच.

खण हा आपला जुना शब्द. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. आपल्याकडे घरे पूर्वी खणांतच मोजत. नवापूरच्या आसपासच्या पाड्यांवर अजूनही अशी घरे दिसतात : जमिनीत रोवलेले लाकडी खांब, कुडाच्या सारवलेल्या भिंती, वर कौले. भार सगळा खांबांवर. भिंत केवळ आडोशाला. अमेरिकेतले शेतकरी याच तत्त्वावर, जमिनीत पुरलेल्या खांबांवर गोठे आणि कोठारे उभारतात आणि त्याला ‘पोल बार्न’ म्हणतात. अशा बांधणीची खुबी ही की ती एका दमात पुरी करावी लागत नाही. घरात माणूस वाढले की खण वाढवावा.

हे ज्ञान मला २००४ सालीही होते. फक्त ते वापरायचे सुचले नव्हते.

भाच्याचा हिशेब पुढे चालू होता. सहा हजार चौरस फूट, तीनशेच्या दराने अठरा लाख. भुशावरच्या कोंबडीला दोन चौरस फूट जागा लागते, म्हणजे तीन हजार पक्षी. पिल्लू आणल्यापासून अंडे देईपर्यंत वीस आठवडे जातात. तोवर ते साडेसात-आठ किलो खाद्य खाते आणि एक पैसा देत नाही. पिल्लू, खाद्य, लसी मिळून पक्ष्यामागे तीनशे रुपये धरा. म्हणजे नऊ लाख. एकूण सत्तावीस. भाऊजींच्या निवृत्तीच्या पैशांपैकी पंधरा लाख हाताशी होते. बारा लाखांचे कर्ज जमिनीवर मिळणार होते.

“बारा लाख काही फार नाहीत, मामा. तीन हजार पक्षी असले की दोन-तीन वर्षांत फिटतील.”

“आणि पक्षी नसले की?” ताई दारात उभी होती.

“आई, ते दिवस गेले. आता फवारणी, जाळ्या, बाहेरच्यांना बंदी; सगळी काळजी घेता येते.”

“काळजी मी घेतली नव्हती का? माझा एक पक्षी शिंकला नव्हता. अन् ते दिवस गेले म्हणतोस, तर २०२१ च्या फेब्रुवारीत काय झालं? पुन्हा नवापूरच, पुन्हा तेच खड्डे.”

भाचा गप्प झाला. २०२१ साली गावातल्या शेड पुन्हा रिकाम्या होताना त्याने स्वतः पाहिल्या होत्या.

ताईने आतून एक वही आणली. लाल कापडी बांधणीची, शाळेत हजेरीला असते तशी. अंड्यांचा रोजचा आकडा तिने त्या वहीत लिहिलेला होता. ती फेब्रुवारी २००६ च्या पानावर उघडली. सतरा तारखेपर्यंत आकडे होते. पुढच्या पानांवर नुसत्या तारखा, आणि आकड्याच्या जागी काही नाही. मी पाने उलटत गेलो. तारखा तिने रोज लिहिल्या होत्या. एकही दिवस सोडला नव्हता.

“ही पानं तू हिशेबात धरलीच नाहीस,” ती म्हणाली. कोणाला म्हणाली, भाच्याला की मला, ते तिने सांगितले नाही. मीही विचारले नाही.

“मग काय, बांधायचंच नाही?” भाचा चिडून म्हणाला.

“कोण म्हणतं नाही? माझी शेड होती ती. मला पुन्हा हवी आहे. पण रिकामी झाली तर पुन्हा एकदा भरता येईल, एवढीच हवी.”

छत्तीस वर्षांच्या नोकरीत कोणत्याही साहेबाने इतकी चोख अट मला घातली नव्हती. मी कागद उलटा केला आणि पाठीमागे एकाच खणाचा हिशेब मांडला. दहा फुटांचा खण, तीस फूट रुंद : तीनशे चौरस फूट. बांधायला नव्वद हजार रुपये. त्यात दीडशे पक्षी. ते अंड्यावर येईपर्यंत पंचेचाळीस हजार. आणि ही सगळी तुकडी एका दिवसात गेली तर तेवढीच दुसरी तयार करायला आणखी पंचेचाळीस हजार, जे बाजूला ठेवायचे आणि विसरून जायचे. एक खण म्हणजे एक लाख ऐंशी हजार. भाचा नव्वद आणि पंचेचाळीस धरत होता. तिसरा आकडा ताईच्या कोऱ्या पानांचा होता. पंधरा लाखांना एक लाख ऐंशी हजारांनी भागा. आठ खण येतात. वर साठ हजार उरतात, ते पाण्याची टाकी आणि किरकोळीला.

“ऐंशी फूट!” भाच्याचा चेहरा उतरला. “दोनशे फुटांच्या जोत्यावर ऐंशी फुटांची शेड? मामा, लोक हसतील. त्यापेक्षा शेड पुरी बांधू अन् पक्षी कमी ठेवू.”

यावर भाऊजींनी अडकित्ता खाली ठेवला. संध्याकाळपासून ते प्रथमच बोलले. “बाबा रे, हप्ता पत्र्यांवर असतो, कोंबड्यांवर नसतो. मी भरला आहे.”

आणि पुन्हा सुपारी कातरू लागले.

भाच्याच्या बाजूनेही एक गोष्ट खरी होती आणि ती मी त्या रात्री कबूल केली. लहान शेडचा पक्ष्यामागे खर्च थोडा जास्त पडतो. बाराशे पक्ष्यांना एक माणूस लागतो, आणि तीन हजारांनाही जवळजवळ तेवढाच. खाद्य थोडे घ्यावे तर दरात सूट नाही. कागदावर मोठी शेड नेहमीच स्वस्त दिसते. पण कागदावर शेड कधी रिकामी होत नसते. मोठी शेड भरलेली असताना जे वाचवते, ते रिकामी असताना दामदुपटीने परत मागते. भाच्याने रात्रभर कूस बदलली असावी, सकाळी चहाच्या वेळी तो एवढेच म्हणाला, “पण वाढवता यायला हवी, मामा.”

त्याची सोय नकाशात करणे माझे काम होते, आणि या खेपेला मी ते मन लावून केले. शेड जोत्याच्या पश्चिम टोकाला घेतली, कारण पाऊस तिकडून येतो आणि तिथली भिंत एकदाच पक्की करून मोकळे होता येते. पूर्वेची भिंत विटांची केलीच नाही. पत्र्याची, नटबोल्टांवर बसवलेली. पुढे नववा खण घालायचा झाला की ती सोडवायची, दहा फूट पुढे न्यायची आणि पुन्हा आवळायची. आढ्याची उंची आणि कैच्यांचे माप पुढच्या खणांनाही चालेल असे धरले. पाण्याचा नळ आणि विजेची तार मात्र पहिल्यापासूनच मोठ्या मापाची टाकली. ती पुन्हा उकरणे महाग पडते. मोठेपणा करायचाच असेल तर तो जमिनीखाली करावा, छपरावर करू नये, एवढे मी आता शिकलो आहे.

शेड फाल्गुनात उभी राहिली. मे महिन्याच्या मध्यावर बाराशे पिल्ले आली. पंधरा लाखांतले तीन लाख साठ हजार ताईच्या नावाने मुदतठेवीत आहेत; तिच्या सहीशिवाय ते हलायचे नाहीत. लोक हसले का? हसले. जोत्यावरची शेड पाहून एकाने भाच्याला विचारले म्हणे, “काय रे, पत्रे संपले का?” भाच्याने उत्तर दिले, “नाही, शिल्लक ठेवलेत.” हे त्याने मला फोनवर सांगितले तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता, थोडी ऐट होती.

पहिले अंडे नवरात्रात आले. घरात ताईचे नऊ दिवसांचे उपास, त्यामुळे ते कोणी खाल्ले नाही. ताईने ते देवापुढे नाही, पण देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर दसऱ्यापर्यंत ठेवले होते, असे भाचा सांगतो. लाल वही पुन्हा सुरू झाली आहे. तिने नवी घेतली नाही. कोऱ्या तारखा जिथे संपल्या होत्या, त्याच्या पुढच्या पानावर तिने लिहायला सुरुवात केली.

यंदा भाऊबीजेला आम्ही दोघे नवापूरला जाणार आहोत. ही गुजरातेत बसेल, मी महाराष्ट्रातून चहा आणीन. उरलेल्या एकशेवीस फूट जोत्यावर नवा भात वाळत पडलेला असेल. भाच्याचे फोन आतापासूनच सुरू झाले आहेत : “मामा, नववा खण कधी?” मी ताईकडे बोट दाखवतो. ती म्हणते, “या तुकडीचा हिशेब होऊ दे. अन् नवव्याचे पंचेचाळीस हजार आधी ठेवीत पडू देत, मग खांब रोव.”

नवव्या खणाचा नकाशा मी काढून ठेवला आहे. त्यावर मापे सगळी आहेत. तारखेची जागा तेवढी कोरी ठेवली आहे. ती ताई घालील.